भाड्याने देण्यासाठी मंदीत घेतलेला फ्लॅट

सप्टेंबर २०२० मध्ये पुण्याशेजारच्या वाकडच्या एका सोसायटीबाहेर रात्री आठ वाजता उभं राहून आम्ही खिडक्या मोजल्या. एकूण ८४ फ्लॅट आणि त्यांतले ३१ अंधारात. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "आयटीवाले गावाला गेले साहेब, सामान घेऊन." फ्लॅट विकायला काढणाऱ्यांच्या जाहिराती भरपूर होत्या आणि किमतीही नरमल्या होत्या. पण आम्हाला घर राहायला नको होतं, भाड्याने द्यायला हवं होतं. घर ज्या कारणाने स्वस्त मिळत होतं, त्याच कारणाने भाडेकरू मिळणार नव्हता. पुढचा सगळा हिशोब आम्ही याच एका गोष्टीभोवती मांडला. जिथे ती विसरलो, तिथे पैसे गेले.

पुण्याचा घरबाजार काही कोविडने एकट्याने पाडला नव्हता. नोटाबंदी, मग २०१७ मध्ये रेरा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) आणि जीएसटी, मग २०१८ पासून बिल्डरांना कर्ज मिळेनासं झालं. भाव कित्येक वर्षं जागच्या जागी होते. २०२० मध्ये त्यात दोन गोष्टींची भर पडली. रिझर्व्ह बँकेने मे महिन्यात रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ४ टक्क्यांवर आणला, त्यामुळे गृहकर्ज ७ टक्क्यांच्या आसपास मिळू लागलं. आणि ऑगस्टच्या अखेरीस राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत जाहीर केली: १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ३ टक्के कमी, आणि नंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्के कमी. ५२ लाखांच्या फ्लॅटवर ३ टक्के म्हणजे १ लाख ५६ हजार. मुदत दिसत असल्याने घाई होते, म्हणून आम्ही आधी भाड्याचा हिशोब करायचा आणि मगच घर बघायचं, असा क्रम ठेवला.

भाड्याचा आकडा जाहिरातींवरून काढू नका. तिथे मालकाला जे हवं असतं ते लिहिलेलं असतं, हातात पडतं ते वेगळं. आम्ही तीन सोसायट्यांचे वॉचमन, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि भाडेकरार करून देणारे दोन एजंट यांना एकच प्रश्न विचारला: गेल्या दोन महिन्यांत टू बीएचके शेवटी किती भाड्याला गेला आणि किती दिवस रिकामा होता? लॉकडाऊनआधी जे १९ हजाराला जात होते, ते साडेचौदा हजारावर आले होते, आणि तेही दोन-तीन महिने रिकामे राहून.

मग कागदावर सगळ्यात वाईट वर्ष मांडलं. भाडं १२ हजार आणि वर्षातून दहाच महिने, म्हणजे १ लाख २० हजार. त्यातून मेंटेनन्स महिना २,६०० प्रमाणे ३१,२०० आणि मालमत्ता कर ६,२०० वजा केला, की उरले ८२,६००. नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ५२ लाखांवर ४१ लाख ६० हजार मिळाले असते. ७ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर त्याचा हप्ता ३२,२५२. तो आम्हाला झेपला नसता. २५ लाखांच्या कर्जाचा हप्ता १९,३८२, वर्षाचे २ लाख ३२ हजार ५८४. वाईट वर्षात खिशातून महिन्याला साडेबारा हजार घालावे लागले असते. तेवढं दोन पगारांतून निघत होतं, म्हणून कर्ज २५ लाखांवरच थांबवलं. बँकेतली मंडळी दर वेळी "तुम्हाला जास्त बसतंय" असं सांगत होती. किती बसतं हे त्यांनी आपला पगार बघून ठरवलेलं असतं, भाडेकरू कधी येणार हे बघून नाही. आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च कर्जातून मिळत नाही, तो रोख हाताशी लागतो.

बांधकाम चालू असलेली घरं आम्ही पहिल्याच दिवशी सोडून दिली. एक तर त्यांवर जीएसटी, शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. हिंजवडी आयटी पार्कच्या फेज वन-टूच्या अगदी जवळची घरंही टाळली, कारण तिथला भाडेकरू एकाच धंद्यातला आणि तो धंदा त्या वेळी घरून चालला होता. वाकडच्या डांगे चौकाच्या बाजूला थेरगावचं मोठं हॉस्पिटल जवळ आहे, आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यांत जाणारी माणसंही राहतात. हॉस्पिटल लॉकडाऊनमध्येही चालू होतं, आणि कारखानेही सुरुवातीच्या बंदनंतर पुन्हा सुरू झाले होते. शेवटी भाडेकरू तिथूनच आला.

घरं मुद्दाम पावसाळ्यात पाहिली. १९ पाहिली, त्यांतल्या सातांत ओल होती. बाथरूमच्या मागच्या भिंतीवर तळहात घासून बघा. पांढरी पूड हाताला लागली तर लोणा आहे, म्हणजे ओल जुनी आहे. पूर्ण घराचा रंग जुना आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली, तर वरच्या मजल्याचं बाथरूम तिच्याच वर आहे का ते पाहायचं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बोट फिरवायचं, टाइल्सवर नाण्याने टकटक करायची. जिथे पोकळ आवाज येतो तिथली टाइल सुटायला आली आहे. आणि सोसायटीच्या मागच्या वर्षीच्या ताळेबंदात टँकरवर किती खर्च झाला ते बघायचं. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आहे. ज्या सोसायटीचा टँकरखर्च मोठा, तिथला मेंटेनन्स दरवर्षी वाढतो आणि तो मालकाच्याच भाड्यातून जातो.

पंचांगाचीही मदत झाली, हे प्रामाणिकपणे सांगतो. २०२० मध्ये २ सप्टेंबरला पितृपक्ष लागला, तो संपताच १८ तारखेपासून अधिक आश्विन, १६ ऑक्टोबरपर्यंत. सलग सहा आठवडे बहुतेक लोक व्यवहार बोलत नव्हते, त्यामुळे विक्रेत्यांचे फोन शांत होते. आम्ही बोलणी त्याच काळात केली. ५८ लाखांपासून सुरू झालेला आकडा ५२ वर आला, आणि टोकन मात्र विक्रेत्यांच्या इच्छेप्रमाणे दसरा झाल्यावर, २८ ऑक्टोबरला दिलं. ५१ हजारांचा चेक आणि सोबत लेखी टोकन पावती. तिच्यात एकूण किंमत, कागद तपासण्यासाठी तीन आठवडे, आणि वकिलाला मालकीहक्कात दोष आढळला किंवा बँकेने या मालमत्तेवर कर्ज नाकारलं तर टोकन परत, ही ओळ लिहून घेतली. ही ओळ नसेल तर टोकन देऊ नका. तोंडी आश्वासनावर टोकन अडकलेले लोक आम्ही याच काळात पाहिले.

भाव पाडताना रेडी रेकनरकडे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मूल्यदरांकडे, लक्ष ठेवावं लागतं. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागतं. १२ सप्टेंबर २०२० पासून नवे दर लागू झाले आणि मंदी असूनही पुणे जिल्ह्यात ते राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त वाढले. शिवाय सरकारी मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघालं, तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरून आयकर लागतो. आमचं सरकारी मूल्य ५२ लाखांच्या खाली निघालं, कारण इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा मिळतो. तो मिळवायचा तर पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत मूल्यांकनाच्या वेळी हातात हवी. नाहीतर इमारत नवी धरून हिशोब होतो.

नोव्हेंबर कागदांत गेला. वकिलाने ३० वर्षांचा सर्च घेतला: जमीन मूळ कोणाची, बिल्डरकडे कशी आली, आधीचे करार, त्यांच्या सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा). वकिलाची फी १२ हजार, वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीचा खर्च ३ हजार, नोटिशीची मुदत १४ दिवस. कुणाची हरकत आली नाही. या मुदतीत बँकेचं कायदेशीर आणि तांत्रिक मूल्यांकन समांतर चालवलं, म्हणून दोन आठवडे वाचले. विक्रेते पती-पत्नी दोघेही भारतात राहणारे आहेत, हेही सुरुवातीलाच विचारून लेखी घेतलं. वाकड-बाणेरकडे बरेच मालक अमेरिकेत किंवा आखातात असतात. मालक अनिवासी असेल तर टीडीएसचं (किमतीतून कापून सरकारकडे भरायच्या आयकराचं) कलमच बदलतं, कापायची रक्कम कितीतरी मोठी होते, खरेदीदाराला तेव्हा टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा) क्रमांक काढावा लागत होता, आणि परदेशातून आलेल्या कुलमुखत्यारपत्राची वेगळी छाननी करावी लागते. अशा व्यवहाराला किमान दोन महिने जास्त धरा.

खरी अडचण पुढे होती. विक्रेत्यांवर त्याच घराचं कर्ज होतं, १८ लाखांच्या वर बाकी. म्हणजे मूळ कागद त्यांच्या बँकेच्या तिजोरीत. आमच्या बँकेचे पैसे गेल्याशिवाय ते सुटणार नव्हते, आणि कागद हातात आल्याशिवाय आमची बँक पूर्ण रक्कम देणार नव्हती. जुन्या घराच्या व्यवहारात सगळ्यात जास्त पोटात गोळा येतो तो इथे. मार्ग असा की विक्रेत्यांनी त्यांच्या बँकेकडून दोन पत्रं आणायची: ठरावीक तारखेपर्यंत किती रक्कम भरली की कर्ज मिटेल याचं, आणि बँकेकडे कोणते मूळ कागद आहेत त्यांच्या यादीचं. यादीतला प्रत्येक कागद आपल्या वकिलाच्या यादीशी ताडून पाहायचा. आमच्या बाबतीत बिल्डरच्या मूळ कराराची नोंदणी पावती यादीत नव्हती. शोधाशोध केल्यावर ती विक्रेत्यांच्या घरीच सापडली, पण त्यात आठ दिवस गेले. मग आमच्या बँकेने कर्जाचा पहिला भाग विक्रेत्यांना न देता थेट त्यांच्या बँकेच्या कर्जखात्याच्या नावाने दिला. करारात कलम घातलं की कर्ज मिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद आमच्या बँकेत जमा व्हावेत आणि तोपर्यंत विक्रेत्यांची शेवटची रक्कम आमच्याकडे राहील. प्रत्यक्षात कागद यायला १९ दिवस लागले. ती रक्कम अडवून ठेवलेली असल्याने विक्रेतेही त्यांच्या बँकेकडे रोज पाठपुरावा करत होते.

१७ डिसेंबरला साठेखत (विक्रीचा आधीचा करार) नोंदवलं. पूर्ण मुद्रांक शुल्क साठेखतावरच भरायचं, नंतरच्या खरेदीखताला पुन्हा तेवढं लागत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणून आम्हाला ३० हजार. दोन्ही रकमा ई-चलनाने आधीच भरल्या. त्याशिवाय दस्त हाताळणी शुल्क, तेव्हा पानाला २० रुपये होतं. सवलत संपत आल्याने दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी होती. ३१ डिसेंबरच्या आत शुल्क भरून सह्या केलेल्या दस्तांना नोंदणीसाठी पुढे चार महिन्यांची मुदत असते, हे माहीत असलं तर शेवटच्या आठवड्यात घाबरायचं कारण राहत नाही.

कार्यालयात जाण्याआधी संकेतस्थळावर दस्ताची माहिती भरून क्रमांक घ्यायचा आणि वेळेचं टोकन आरक्षित करायचं. ही माहिती बहुतेक वेळा एजंट किंवा वकिलाचा मदतनीस भरतो, आणि सूची क्रमांक दोनवर तीच जशीच्या तशी उतरते. अंगठा लावण्याआधी ऑपरेटर गोषवाऱ्याचं पान पुढे करतो. मागे रांग असते, सगळे घाई करतात. तरीही ते पान ओळीने वाचायचं: नावांचं स्पेलिंग, पॅन, विंग, मजला, फ्लॅट क्रमांक, चटईक्षेत्र, पार्किंग. आमच्या दस्तात विंग "बी"ऐवजी "डी" पडली होती, ती त्या दोन मिनिटांत सापडली. दस्त नोंदवल्यावर सापडली असती तर चूक दुरुस्ती पत्र करावं लागलं असतं, म्हणजे दोन्ही पक्षांची पुन्हा तीच वारी. दोन ओळखदारांना मूळ ओळखपत्रांसह बोलवा, झेरॉक्स चालत नाही.

टीडीएसची बाब एजंट सांगत नाहीत. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का कापून सरकारकडे भरायचा असतो. मे २०२० ते मार्च २०२१ या काळात तो दर ०.७५ टक्के होता, म्हणून आमचे ३९ हजार. त्या वेळी फॉर्म २६ क्यूबी प्रत्येक खरेदीदाराने प्रत्येक विक्रेत्यासाठी वेगळा भरायचा होता. आम्ही दोघं, ते दोघं, म्हणून चार फॉर्म, प्रत्येकी ९,७५०. ज्या महिन्यात रक्कम कापली तो संपल्यापासून ३० दिवसांत भरणा, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी. बँक तिच्या भागाची रक्कम पूर्ण देते, म्हणून टीडीएस आपल्या स्वतःच्या हिश्शातून कापायचा. हे विक्रेत्यांना आधीच समजावून सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी "३९ हजार कमी का?" यावरून वाद होतो. नंतर फॉर्म १६ बी, म्हणजे टीडीएस भरल्याचा दाखला, काढून त्यांना द्यायचा होता.

२८ जानेवारी २०२१ ला खरेदीखत झालं आणि किल्ल्या मिळाल्या. बँकेकडे कागद गहाण ठेवल्याची सूचना ३० दिवसांत ऑनलाइन दाखल करावी लागते. ते काम बँक करते असं समजून बसू नका, पावती मागून घ्या. सोसायटीकडे हस्तांतरणाचा अर्ज दिला. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्य कमाल २५ हजार, असं सरकारी परिपत्रक आहे. त्यावर "इमारत निधी", "विकास निधी" अशा नावाने काही मागितलं तर परिपत्रकाची प्रत जोडून लेखी उत्तर द्यायचं. आमच्याकडे १५ हजार जास्त मागितले गेले होते. पत्र दिल्यावर ती मागणी मागे घेतली गेली, भांडण न होता. भागपत्रावर नाव चढायला सव्वादोन महिने लागले. वीजबिलावरचं नाव सूची क्रमांक दोन जोडून ऑनलाइन बदललं. मालमत्ता कराची नोंदही तेव्हाच करून घ्या, पुढे आयकरात कराची पावती स्वतःच्या नावाची लागते.

दुरुस्तीला ८५ हजार लागले: एका बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, रंग, किचनच्या नळाची लाइन, नवा गिझर, खिडक्यांना जाळ्या, आणि विजेच्या बोर्डात गळतीचा करंट पकडणारा ब्रेकर. शेवटची गोष्ट छोटी, पण भाड्याच्या घरात कधीही गाळायची नाही. मॉड्युलर किचनचे दीड-दोन लाख मात्र घातले नाहीत. त्या वेळी किचनमुळे भाडं हजार रुपयांनी वाढलं असतं, आणि दीड लाख वसूल व्हायला साडेबारा वर्षं लागली असती.

आणि मग घर रिकामं राहिलं. फेब्रुवारीत तीन माणसं येऊन पाहून गेली, मार्चमध्ये दोन. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, कडक निर्बंध लागले आणि फोनच बंद. १२ जूनला भाडेकरू राहायला आला. साडेचार महिने हप्ता आणि मेंटेनन्स मिळून महिन्याला २१,९८२, म्हणजे जवळपास ९९ हजार. मुद्रांक शुल्कात वाचलेल्या १ लाख ५६ हजारांतले जवळजवळ दोन तृतीयांश इथे गेले. आम्ही वाईट वर्षात दोनच महिने रिकामे धरले होते, ते चुकलं. मंदीत घेणार असाल तर पहिल्या वर्षाला किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि मेंटेनन्स वेगळ्या खात्यात ठेवून मगच टोकन द्या. त्या काळात १६ हजारांवर अडून बसणंही चुकलं. फेब्रुवारीत आलेल्या एका कुटुंबाने १३,५०० देऊ केले होते. "अजून थोडं थांबू" म्हणून आम्ही नाही म्हटलं. ते तेव्हाच स्वीकारलं असतं तर जवळपास चार महिन्यांचे ५४ हजार हातात आले असते. जूनमध्ये शेवटी १४ हजारांवरच ठरलं. महिन्याचे पाचशे जास्त मिळवण्यासाठी थांबलेले ते महिने भरून यायला नऊ वर्षं लागली असती.

भाडेकरार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत हवाच, ११ महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोटरी केलेला कागद पुरेसा आहे असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. करार नोंदवलेला नसेल तर वादात भाडेकरू अटींबद्दल जे म्हणेल ते खरं धरलं जातं. नोंदवलेला असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं आणि परतीच्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर. १४ हजार गुणिले ११, म्हणजे १ लाख ५४ हजार. ४० हजार डिपॉझिटवर ११ महिन्यांचे ३,६६७. बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे ३९४, चलन ४०० चं. शहरी भागात नोंदणी फी १,०००. एजंट वेबकॅम आणि ठसे घेणारं यंत्र घेऊन घरी येतो, त्याचे वेगळे पैसे ठरवून घ्या. भाडेकरू चाकणच्या एका कारखान्यात मशीनवर काम करणारा. त्याच्या अंगठ्याचा ठसा चार वेळा जुळला नाही. हात धुऊन, ओल्या फडक्याने बोटं पुसून मधलं बोट लावल्यावर जुळला. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांचे आणि वयस्कर माणसांचे ठसे असेच अडतात. आधार केंद्रात जाऊन ठसे अद्ययावत करून ठेवायला आधीच सांगितलं, तर फेरी वाचते. पोलिसांना भाडेकरूची माहिती त्याच दिवशी ऑनलाइन दिली आणि पावती कराराला जोडली.

सोसायटीने पहिल्या बिलात बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून) लावलं ५०० रुपये. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि सेवाशुल्क म्हणजे पूर्ण बिल नव्हे. आमच्या २,६०० च्या बिलात सेवाशुल्क १,९०० होतं, म्हणून १९० रुपये. पत्र दिलं, दुरुस्त बिल आलं. रक्कम लहान असली तरी ती दर महिन्याला जाते.

आयकराचा पहिला पूर्ण हिशोब २०२१-२२ चा. साडेनऊ महिन्यांचं भाडं १ लाख ३३ हजार, त्यातून भरलेला मालमत्ता कर ६,२०० वजा, उरलेल्या १,२६,८०० वर ३० टक्के सरसकट वजावट ३८,०४०, आणि कर्जाचं व्याज १ लाख ७१ हजार. उणे ८२,२४०. जुन्या करप्रणालीत असा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत येत नाही. मेंटेनन्स, रंगकाम, दलाली यांची वेगळी वजावट मिळत नाही, ते त्या ३० टक्क्यांत आलं. घर रिकामं होतं त्या महिन्यांचं काल्पनिक भाडं धरायचं नसतं, पण ते भाड्यासाठी उपलब्ध होतं याचा पुरावा ठेवा. आम्ही एजंटांना पाठवलेले मेसेज जपून ठेवले आहेत.

मे २०२२ पासून रेपो दर चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. आमचं कर्ज रेपोशी बांधलेलं, त्यामुळे व्याज ७ वरून साडेनऊ झालं. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, त्याचा फक्त एक एसएमएस आला. त्या वसंतात मी कर्जखात्याचा उतारा उघडून पाहिला: बाकी २४ लाखांच्या आसपास, १९,३८२ च्या हप्त्यातले १९ हजार व्याज आणि मुद्दल फेडलेलं तीनशे ब्याऐंशी रुपये. दोन वर्षं हप्ते भरून कर्ज जवळजवळ जागेवरच होतं. त्याच आठवड्यात बँकेत अर्ज देऊन हप्ता २३,३०० केला. दर चढत असताना उतारा दर तिमाहीला बघा, एसएमएसवर विसंबू नका. बँकेने मुदत वाढवली तर हप्ता वाढवून ती पूर्ववत करून घेता येते.

ज्या काळात व्याज वाढत होतं, त्याच काळात ऑफिसं उघडली आणि वाकडमध्ये भाडेकरू परत आले. २०२२ च्या करारात भाडं साडेपंधरा हजार झालं. २०२३ च्या एप्रिलमध्ये तो भाडेकरू चाकणजवळ राहायला गेला. जाताना आत येतानाचे ४२ फोटो समोर ठेवून दोघांनी मिळून घर पाहिलं, वीज आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग लिहिलं, शेवटची बिलं वजा करून उरलेलं डिपॉझिट त्याच संध्याकाळी त्याच्या खात्यात टाकलं. त्यानेच त्याच्या ओळखीतल्या, थेरगावच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका कुटुंबाला आमचा नंबर दिला. घर नऊ दिवस रिकामं राहिलं, तेही रंग सुकेपर्यंत. नवं भाडं २० हजार ठरलं. डांगे चौकातल्या एजंटाने २२ मिळतील असं सांगितलं होतं, पण फेब्रुवारी २०२१ आठवून आम्ही २० ला होकार दिला आणि त्याच दिवशी करारासाठी ठसेवाल्याला बोलावलं.